स्कॅनर-प्रतिमांतील रंगीत रेषा

कागद, छायाचित्र, पारदर्शिका अथवा निगेटिव्ह यांची स्कॅनरच्या साहाय्याने अंकीय प्रतिमा तयार करीत असता, मुळात नसलेल्या लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या वा किरमिजी रंगाच्या सरळ रेषा पुष्कळदा प्रतिमेत उमटतात. हा सपाट काचेच्या तसेच फिल्मच्या स्कॅनरांत सर्वाधिक आढळणाऱ्या दोषांपैकी एक दोष होय. ही रेषा यदृच्छेने उमटत नाही. तिचा रंग, दिशा, रुंदी आणि प्रतिमेतील स्थान या चार लक्षणांवरून यंत्राच्या कोणत्या भागात बिघाड आहे हे बहुतेक वेळा यंत्र न उघडताही सांगता येते. म्हणून रेषा संगणकावर पुसून टाकण्यापूर्वी ती नीट वाचणे आवश्यक असते. जेथे प्रतिमा मूळ दस्तऐवजाची जागा घेणार असते, तेथे या सावधगिरीला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : चित्राचे ओळीओळीने वाचन करून त्याचे विद्युत् संकेतांत रूपांतर करण्याच्या क्रियेस क्रमवीक्षण म्हणतात. संगणकाला जोडलेला पहिला चित्रवाचक अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत रसेल कर्श व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये तयार केला. तो फिरत्या पिंपाच्या प्रकारचा होता व त्यावर घेतलेली कर्श यांच्या तान्ह्या मुलाच्या छायाचित्राची प्रतिमा १७६ × १७६ बिंदूंची होती. बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये भारयुग्मित प्रयुक्तीची कल्पना मांडली. या कार्याबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. या प्रयुक्तीचा उपयोग करणारा सपाट काचेचा स्कॅनर रे कुर्झवील यांनी अंधांसाठी तयार केलेल्या व १९७६ मध्ये जाहीर झालेल्या वाचनयंत्रात होता. पुढे हीच रचना कार्यालये, छापखाने व घरे यांमध्ये पसरली.

रचना व कार्य : सपाट स्कॅनरमध्ये काचेवर पालथ्या ठेवलेल्या कागदाखालून एक सरकता गाडा जातो. गाड्यातील अनुस्फुरक दिवा किंवा पांढरा एलईडी दिवा कागदाच्या एका अरुंद पट्टीवर प्रकाश टाकतो. परावर्तित प्रकाश आरशांवरून वळून भिंगात शिरतो व तेथून संवेदकावर केंद्रित होतो. संवेदकावर सूक्ष्म प्रकाशसंवेदी घटकांच्या तीन समांतर रांगा असून त्यांवर अनुक्रमे लाल, हिरवी व निळी गाळणी बसविलेली असते. २१·६ सेंमी. रुंदीच्या काचेसाठी दर इंचास ६०० बिंदू वाचावयाचे असल्यास प्रत्येक रांगेत सु. ५,१०० घटक लागतात व त्यांतील प्रत्येक घटक कागदाच्या सु. ४२ मायक्रोमीटर रुंदीवर देखरेख करतो. तिन्ही रांगा एकमेकींपासून थोड्या अंतरावर असल्याने एकाच क्षणी त्या कागदाच्या तीन वेगवेगळ्या ओळी पाहतात. हे अंतर लक्षात घेऊन यंत्र तिन्ही रंगांच्या ओळी नंतर एकमेकींवर जुळवून घेते.

दुसऱ्या प्रकारच्या, कमी जाडीच्या स्कॅनरात कागदाच्या रुंदीएवढा लांब संवेदक काचेलगतच बसविलेला असतो. त्यात बहुधा घटकांची एकच रांग असून लाल, हिरवे व निळे दिवे आळीपाळीने उजळतात. फिल्मच्या स्कॅनरात प्रकाश परावर्तित न होता फिल्ममधून आरपार जातो. काही सपाट स्कॅनरांच्या झाकणात दिवा बसवून हीच सोय केलेली असते.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. गाडा पुढे सरकत असला, तरी संवेदकाचा प्रत्येक घटक गाड्याच्या रुंदीतील एकाच स्थानी राहतो. त्यामुळे एका घटकाची चूक प्रत्येक ओळीत त्याच जागी उमटते आणि या चुकांच्या बिंदूंची मिळून गाड्याच्या प्रवासाच्या दिशेने जाणारी रेषा तयार होते. याउलट, मोठ्या काचेवर पडलेला धुळीचा कण गाड्याबरोबर सरकत नाही. त्याचा केवळ ठिपका उमटतो, रेषा उमटत नाही. स्वयंचलित कागदवाहकात मात्र संवेदक स्थिर राहून कागद सरकतो, म्हणून तेथील अरुंद काचपट्टीवरील एका कणानेही पानभर रेषा पडते. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून घेतलेली प्रतिमा स्वच्छ आली, तर दोष त्या काचपट्टीवर आहे हे निश्चित होते.

अंशांकन : सर्व घटक सारख्या प्रमाणात संवेदी नसतात व दिव्याचा प्रकाशही सर्वत्र सारखा नसतो. हा फरक नाहीसा करण्यासाठी यंत्र प्रत्येक क्रमवीक्षणापूर्वी, किंवा सुरू होताना, दोन मोजमापे घेते. दिवा बंद असता मिळणारे मूल्य म्हणजे अंधार-मूल्य व चौकटीच्या आतील बाजूस बसविलेल्या प्रमाण पांढऱ्या पट्टीचे वाचन म्हणजे श्वेत-मूल्य होय. पुढे प्रत्येक घटकाच्या वाचनातून त्याचे अंधार-मूल्य वजा करून श्वेत-मूल्य व अंधार-मूल्य यांच्या वजाबाकीने त्यास भागतात. या क्रियेस अंशांकन म्हणतात.

बहुसंख्य रंगीत रेषांचा उगम या क्रियेत असतो. समजा, अंधार-मूल्य शून्य असून पांढऱ्या पट्टीसाठी घटकांचे सर्वसाधारण वाचन २०० आहे व ते वाढवून २५५ करावयाचे आहे, तर गुणक १·२७५ येतो. पट्टीवर धुळीचा कण असल्यामुळे लाल रांगेतील एका घटकाने १६० एवढेच वाचले, तर यंत्र तो घटक मंद समजून त्याचा गुणक सु. १·५९४ ठरविते. आता ज्या करड्या भागाचे वाचन ८० आहे तेथे इतर घटक १०२ हे मूल्य देतील, तर हा घटक लाल रंगासाठी १२७ किंवा १२८ देईल आणि तेथे लालसर रेषा दिसेल. शुभ्र कागदावर मात्र दोन्ही मूल्ये २५५ या कमाल मर्यादेस पोहोचतात व रेषा लुप्त होते. अगदी काळ्या भागातही फरक नगण्य राहतो. पांढऱ्या कागदाच्या प्रतिमा वर्षभर निर्दोष येणारा स्कॅनर एखाद्या छायाचित्रातील आकाशावर किंवा त्वचेच्या रंगावर अकस्मात रेषा का दाखवितो, याचे स्पष्टीकरण यात मिळते. दोष जुनाच असतो. तो दिसण्याजोगे मूळ चित्र तेवढे नवे असते.

तिन्ही रांगा पट्टीच्या वेगवेगळ्या ओळी पाहत असल्याने लहान कण बहुधा एकाच रांगेस अडवितो व रेषेला शुद्ध रंग येतो. मोठा कण तिन्ही रांगांस अडवितो व रेषा फिकट पांढरी दिसते. काही यंत्रे गाडा किंचित सरकवून पट्टीच्या अनेक ओळींची सरासरी घेतात. अशा यंत्रांत लहान कणांचा परिणाम कमी होतो.

प्रवासाच्या दिशेतील रेषा : या रेषांचे कारणांनुसार तीन वर्ग पडतात.

(१) अंशांकनातील दोष : यात एखाद्या रंगाचे मूल्य वाजवीपेक्षा वाढते, म्हणून लाल, हिरवी किंवा निळी रेषा उमटते. ती मध्यम छटांत ठळक असते व शुभ्र भागात नाहीशी होते.

(२) प्रकाशाची अडवणूक : अंशांकन झाल्यानंतर संवेदकाच्या एखाद्या रांगेवर कण बसला, तर त्या रंगाचे मूल्य घटते व त्याचा पूरक रंग दिसतो. लाल रंग घटल्यास निळसर हिरवी म्हणजे मोरपिशी, हिरवा घटल्यास किरमिजी व निळा घटल्यास पिवळी रेषा येते. ही रेषा शुभ्र भागावर सर्वांत ठळक असते. कण अंशांकनाच्या वेळीही त्याच जागी असेल, तर यंत्र त्याची भरपाई करून टाकते. म्हणून अशी रेषा यंत्र हलविल्यानंतर किंवा एकाच बैठकीत मध्येच सुरू होते व पुन्हा अंशांकन केल्यावर पुष्कळदा जाते.

(३) घटकाचा अंगभूत दोष : एखाद्या घटकात प्रकाशाविनाही विद्युत् भार साचत असेल, तर त्याचे अंधार-मूल्य वाढते व रेषा काळ्या भागात दिसते. हा भार तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. तापमान सु. ६ ते ८ अंश से. वाढले की तो साधारणपणे दुप्पट होतो. त्यामुळे यंत्र तापल्यावर उमटणारी व थंड असता न दिसणारी रेषा या वर्गातील समजावी. पूर्णपणे निकामी झालेल्या घटकाची रेषा सर्व छटांत कायम राहते.

पिवळी रेषा दोन प्रकारे येऊ शकते : निळा रंग घटल्याने, किंवा लाल व हिरवा हे दोन्ही वाढल्याने. ती शुभ्र कागदावर दिसते की नाही एवढे पाहिले, तरी या दोहोंतील भेद कळतो.

रेषेची रुंदी दोषाची खोली सांगते. संवेदकावरील किंवा पांढऱ्या पट्टीवरील कण केंद्रित अवस्थेत असल्याने त्यांची रेषा बारीक व रेखीव असते. आरशावरील कण केंद्राबाहेर असतो व तिन्ही रंगांचे किरण आरशावर जवळजवळ एकाच जागी पडतात, म्हणून त्याची रेषा रुंद, पुसट व जवळजवळ रंगहीन असते. भिंगावरील धूळ रेषा पाडीत नाही. तिच्यामुळे सर्व प्रतिमाच किंचित धूसर होते. एका रांगेच्या लांब संवेदकात कण तिन्ही रंगांस सारखाच अडवितो, म्हणून तेथे बहुधा करडी रेषा पडते. हा संवेदक अनेक तुकडे जोडून केलेला असल्यामुळे त्याच्या जोडांवर समान अंतराने रेषा दिसू शकतात.

आडव्या रेषा व रंगीत कडा : गाड्याच्या प्रवासाला काटकोनात असणाऱ्या रेषांचा संवेदकातील धुळीशी संबंध नसतो. दिव्याचा प्रकाश लुकलुकल्यास किंवा विद्युत् पुरवठ्यात चढउतार झाल्यास आडवे पट्टे येतात. गाडा धक्क्याने सरकल्यास तिन्ही रंगांच्या ओळी एकमेकींवर नीट बसत नाहीत व अक्षरांच्या आडव्या कडांना एका बाजूस तांबडी व दुसऱ्या बाजूस निळसर किनार दिसते. असे पट्टे ठराविक अंतराने येत असतील, तर पट्ट्याचे किंवा दंतचक्राचे दाते तपासावे लागतात. छापील चित्रावर दिसणारी रंगीत जाळी मात्र यंत्राचा दोष नव्हे. छपाईचे ठिपके व स्कॅनरचे बिंदू यांच्या परस्पर व्यतिकरणाने ती उत्पन्न होते.

फिल्मवरील विशेष : ३५ मिमी. फिल्मवरील चित्र केवळ ३६ × २४ मिमी. आकाराचे असल्याने ते दर इंचास ४,८०० बिंदूंपर्यंतच्या सूक्ष्मतेने वाचतात. तेव्हा एक बिंदू सु. ५ मायक्रोमीटर रुंदीचा असतो व कागदाच्या प्रतिमेत नजरेस न येणारा कण येथे अनेक बिंदू व्यापतो. निगेटिव्हमध्ये छटा उलट करून घ्याव्या लागत असल्याने वर सांगितलेले रंगांचे नियमही उलटतात. लाल रांगेवरील अडवणुकीची रेषा पारदर्शिकेत मोरपिशी, तर निगेटिव्हवरून केलेल्या चित्रात लाल दिसते. रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी आच्छादनामुळे निळ्या रांगेस कमी प्रकाश मिळतो. तो वाढवून घेताना तिचे दोषही वाढतात.

फिल्म वाचू शकणाऱ्या सपाट स्कॅनरात फिल्मधारकाच्या एका टोकास एक उघडी खिडकी ठेवलेली असते. अंशांकन या खिडकीतून येणाऱ्या प्रकाशावर होते. फिल्मचे टोक, कागदाचा कपटा किंवा धूळ खिडकीत आल्यास, किंवा धारक उलटा बसविल्यास, चित्राच्या पूर्ण लांबीवर रंगीत पट्टे पडतात. यंत्र दुरुस्तीस पाठविण्यापूर्वी ही खिडकी व तिच्याखालील काच पाहावी.

काही रेषा फिल्मच्या स्वतःच्या असतात. कॅमेऱ्यातून किंवा धुलाईच्या यंत्रातून सरकताना फिल्मवर लांबीच्या दिशेने ओरखडे पडतात. नेहमीच्या रंगीत फिल्ममध्ये पिवळ्या रंगद्रव्याचा थर सर्वांत वर, त्याखाली किरमिजी व तळाशी मोरपिशी थर असतो. ओरखडा पायसाच्या बाजूने वरच्याच थरापर्यंत गेला असेल, तर पारदर्शिकेत निळसर आणि निगेटिव्हच्या चित्रात पिवळी रेषा येते. दोन थर खरवडले गेल्यास अनुक्रमे मोरपिशी व लाल रेषा येते [⟶ छायाचित्रण]. अवरक्त किरणांनी धूळ व ओरखडे ओळखण्याची सोय काही स्कॅनरांत असते. परंतु कृष्णधवल फिल्ममधील चांदी अवरक्त किरणांनाही अडविते, त्यामुळे तेथे ही सोय निरुपयोगी ठरते.

निदानाची पद्धती : तपासणी पुढील क्रमाने करणे सोयीचे असते. (१) मूळ कागद अथवा फिल्म १८० अंशांतून फिरवून पुन्हा प्रतिमा घ्यावी. रेषा चित्राबरोबर फिरली, तर ती मुळातच आहे. ती यंत्राच्या संदर्भात जागच्या जागी राहिली, तर दोष यंत्राचा आहे. (२) शुभ्र, करडा व काळा असे तीन कोरे कागद एकामागून एक ठेवून प्रतिमा घ्याव्या. रेषा कोणत्या छटेत दिसते यावरून वर दिलेले तीन वर्ग वेगळे करता येतात. (३) प्रतिमेचे लाल, हिरवे व निळे घटक स्वतंत्रपणे पाहावे. एकाच घटकात रेषा असल्यास दोष एका रांगेपुरता आहे. (४) यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि दिवा स्थिर होण्यास काही मिनिटे देऊन प्रतिमा घ्यावी. (५) सूक्ष्मता बदलून प्रतिमा घ्यावी व रेषेचे कडेपासूनचे अंतर मिमी.मध्ये मोजावे. यंत्रातील रेषेचे हे अंतर बदलत नाही. उदा., कडेपासून ६३·५ मिमी.वरील रेषा ६०० बिंदूंच्या रांगेत सु. १,५०० व्या घटकाची असते. (६) कागद पालथा ठेवला जात असल्याने प्रतिमेतील डावे-उजवे काचेवर उलट असू शकते. म्हणून कागदाची एक टोकदार पट्टी काचेवर ठेवून, तिचे टोक प्रतिमेतील रेषेवर येईपर्यंत ती सरकवावी. मग त्या टोकाच्या सरळ रेषेत, चौकटीखालील पांढऱ्या पट्टीवर, कण शोधावा.

स्वच्छता व दुरुस्ती : प्रथम वीजजोडणी काढून घ्यावी. काच पुसण्यासाठी धागे न सोडणारे मऊ कापड वापरावे. द्रव काचेवर न ओतता कापडावर अगदी थोडा घ्यावा, अन्यथा तो कडेने आत झिरपतो व आतील बाजूस डाग पाडतो. पांढरी पट्टी कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. तिच्यावर ओरखडा किंवा डाग पडल्यास तीच नव्या रेषेचे कारण होते. आतील आरशांचा परावर्तक लेप काचेच्या पृष्ठभागावरच असल्याने ते घासू नयेत. त्यांवरील धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. तोंडाने फुंकर घातल्यास लाळेचे सूक्ष्म थेंब आत जातात. सफाईनंतर यंत्र पुन्हा सुरू करून अंशांकन होऊ द्यावे. नाहीतर जुनेच गुणक वापरले जाऊन, कण निघून गेला असताही रेषा कायम राहते आणि सफाई निष्फळ ठरल्याचा गैरसमज होतो. घटकच निकामी झाला असल्यास संवेदक बदलणे हाच उपाय उरतो.

किनारी व औद्योगिक परिसर : स्कॅनरवर परिसराचा होणारा परिणाम पालघर जिल्ह्याच्या, विशेषतः बोईसर-तारापूर भागाच्या, उदाहरणाने स्पष्ट होतो. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र असून सातपाटी, केळवे, तारापूर व डहाणू ही गावे किनाऱ्यालगत आहेत. तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ पासून कार्यान्वित झाले. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत.

समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळते व कणाचा थेंब होतो. हवा कोरडी झाली, किंवा दिव्याच्या उष्णतेने ओल उडाली, की तेथे पुन्हा स्फटिक उरतो, मात्र त्याचा आकार बदललेला असतो. अंशांकन थेंबाच्या अवस्थेत व प्रतिमा स्फटिकाच्या अवस्थेत घेतली गेल्यास भरपाई चुकते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत सकाळी दिसणारी व दुपारी नाहीशी होणारी रेषा येथे संभवते. सतत दमट हवेत भिंगावर व फिल्मच्या जिलेटिनावर बुरशी वाढते, तिचे तंतू मात्र फाटे फुटलेले असतात व सरळ रेषेशी त्यांची गल्लत होत नाही. कारखान्यांच्या परिसरातील बारीक भुकटी ही आणखी एक अडचण होय. यावर उपाय साधे आहेत : काम संपताच यंत्रावर आच्छादन घालावे, ते खिडकीपासून दूर ठेवावे, पावसाळ्यात यंत्र व फिल्म सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवाव्या आणि काम सुरू करताना यंत्र तापू देऊन मगच अंशांकन करावे.

दस्तऐवज, चित्रे व क्ष-किरण फिल्म : रेषेचा दोष सर्वांत गंभीर ठरतो तो जमिनीच्या कागदपत्रांत. सात-बारा उतारा, फेरफार नोंद यांसारख्या कागदांवरील आकडे उभ्या रकान्यांत असतात आणि कागद उभा ठेवून घेतलेल्या प्रतिमेत रेषाही उभीच पडते. त्यामुळे ती रकान्यातील एका अक्षराचे नव्हे, तर खालपर्यंत प्रत्येक ओळीतील त्याच स्थानाच्या अंकाचे नुकसान करू शकते. देवनागरी लिपीत काना व दंड हे स्वतः उभ्या रेषाच आहेत. ‘राम’ व ‘रामा’ या दोन नावांत केवळ एका कान्याचा फरक आहे आणि खातेदाराच्या नावात तो निर्णायक ठरतो. मोडी कागदांत आधी आखलेली अखंड शिरोरेषा असते, म्हणून असा कागद आडवा ठेवल्यास यंत्राची रेषा तिच्यात मिसळते.

याचे सामाजिक गांभीर्य पालघर जिल्ह्यात सहज ध्यानी येते. तारापूर प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन करावे लागले. ज्या कुटुंबाची मूळ जमीन राहिली नाही, त्याच्याजवळ तिचा पुरावा म्हणून कागद तेवढा उरतो आणि कागद जीर्ण झाल्यावर त्याची प्रतिमा उरते. त्या प्रतिमेतील प्रत्येक रेघ मूळची असणे म्हणूनच अगत्याचे असते.

यासाठी काळ्या शाईचा कागदही रंगीत पद्धतीने वाचून ठेवणे हितकारक होय. रंगीत प्रतिमेत किरमिजी किंवा हिरवी रेषा आपल्या रंगानेच आपण शाई नसल्याचे सांगते. तीच प्रतिमा केवळ काळ्या व पांढऱ्या बिंदूंत रूपांतरित केली की रेषा काळी होते किंवा खालच्या अक्षराचा भाग घेऊन नाहीशी होते आणि ती यंत्राची होती की लेखणीची, हे ठरविण्याचे साधनच राहत नाही. संशय आल्यास कागद १८० अंशांतून फिरवून दुसरी प्रतिमा घ्यावी. रेषा कागदाच्या विरुद्ध बाजूस पडते व दोन्ही प्रतिमांची तुलना करून मूळ मजकूर निश्चित करता येतो. रेषा नेमकी मध्यावर असल्यास कागद थोडा बाजूस सरकवावा.

जिल्ह्यातील वारली चित्रकलेच्या प्रतिमा घेताना निराळी अडचण येते. गेरू किंवा मातीच्या तांबूस पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या, बारीक रेषांनी ही चित्रे काढतात. पूर्वी ती भिंतीवरच असत. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांच्यासारख्या कलावंतांमुळे ती कागद व कापड यांवर येऊन जगभर पोहोचली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. गेरूची पार्श्वभूमी मध्यम छटेची असल्याने शुभ्र कागदावर लपून राहिलेला अंशांकनाचा दोष तिच्यावर उघड होतो व फिकट रेषा चित्रातील रेषेसारखी भासू शकते. मोठे चित्र भागाभागांनी वाचून जोडल्यास हीच रेषा समान अंतराने पुन्हापुन्हा दिसते. ही पुनरावृत्ती ती यंत्राची असल्याची खूण होय. अशा कामासाठी चाचणी शुभ्र कागदावर न घेता गेरूच्या छटेच्या कोऱ्या कागदावर घ्यावी.

कारखान्यांतील नळ व दाबपात्रे यांच्या वितळजोडांची तपासणी क्ष-किरण फिल्मद्वारे करतात [⟶ क्ष-किरण]. जोडाच्या मुळाशी धातू पूर्ण न भरल्यास फिल्मवर जोडाच्या दिशेने सरळ काळी रेषा दिसते. स्कॅनरच्या दोषाची रेषाही सरळच असते, म्हणून फिल्मची प्रतिमा केवळ एकाच स्थितीत घेऊन निर्णय करणे धोक्याचे आहे. या फिल्मची प्रकाशीय घनता ४ पर्यंत असू शकते, म्हणजे तिच्यातून प्रकाशाचा दहा हजारावा भाग आरपार जातो. सामान्य सपाट स्कॅनरमध्ये एवढ्या क्षीण प्रकाशात घटकांचे अंधार-मूल्य प्रबळ ठरते व रेषा उमटतात. या कामासाठी खास स्कॅनर वापरतात व त्यांची पात्रता ठरविण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणे आहेत.

प्रतिमा-संस्कारण व त्याच्या मर्यादा : संगणकावर शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन रेषा भरून काढणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. एका बिंदूच्या रुंदीची रेषा कौटुंबिक छायाचित्रातून अशा रीतीने काढणे योग्य ठरते. परंतु उभ्या रेषा आपोआप शोधून पुसणारी आज्ञावली काना, दंड व रकान्याची आखणी यांनाही दोष समजू शकते. शिवाय भरून काढलेले बिंदू हे अनुमान असते, वाचन नव्हे. म्हणून अभिलेखांच्या कामात रेषा असलेली मूळ अंकीय प्रतिमा न बदलता जतन करावी, सुधारलेली प्रत वेगळी ठेवावी व शक्य तेथे दोष दूर करून कागद पुन्हा वाचावा. कागद हाताशी आहे तोवरच हे करता येते. दर दिवशी काम सुरू होण्यापूर्वी शुभ्र, करडा व काळा हे तीन कोरे कागद वाचून त्यांच्या प्रतिमा तारखेसह जपून ठेवल्यास पुढे एखादी रेषा आढळली असता ती कोणत्या दिवशी सुरू झाली व त्या दरम्यानचे कोणते कागद पुन्हा तपासावे लागतील, हे निश्चितपणे सांगता येते.